भाडं

उद्यमबागेतून समुद्र दिसत नाही.
दिसतात भट्टीच्या चिमण्या,
सायकलींची रांग, गंजाचा ढीग,
आणि पाठवायच्या पेट्यांवर स्टेन्सिलनं मारलेलं
एक परकं बंदर, ज्याचा उच्चार
आम्ही प्रत्येकानं आपापला ठरवलाय.

मी डिस्पॅचला. एकवीस वर्षं.
पंपांची कवचं मोजतो, भुसा भरतो, खिळे मारतो.
चोर्ल्याच्या घाटानं ट्रक उतरला
की माझं काम संपलं, असं वाटायचं.

मग कुठल्याशा सामुद्रधुनीत गोळे पडू लागले.
कडेमनी अण्णा डोकं धरून बसले :
जहाज आता आफ्रिकेला वळसा घालणार,
चौदा दिवस जास्त, भाडं तिप्पट.
विम्याचा आकडा बघून त्यांनी पेनचं टोपण लावलं.
"लोखंडापेक्षा पाणी महाग झालं बघ, तवनाप्पा."

त्याच रात्री मी हिशेब केला, उलटा.
जे भाडं आम्हाला बुडवतंय
ते कुणाच्या तरी खिशात पडतंय.
तो खिसा विकत मिळतो का?

मिळतो.
टिळकवाडीत, पहिल्या गेटाजवळ, जिना चढून.
महांतेश स्क्रीनवरची रेघ बोटानं दाखवतो,
दोन भाषा एका घोटात पिऊन म्हणतो,
"शिपिंग म्हंजे बैल, तवनाप्पा.
शिंगं बी हाईत, शेण बी."
फंडातले चार लाख.
बायकोला सांगितले दोन.

तेव्हापासून मी बातम्या उलट्या ऐकतो.
तहाची बोलणी : रेघ खाली.
एखादं जहाज पेटलं : वर.
चहाच्या गाड्यावर माणसं हळहळतात,
मीही हळहळतो, मनापासून,
आणि खिशातला फोन
मांडीला गरम लागतो.

भरमू मोल्डिंगला. वाळूचे साचे करतो.
त्याचा जोतिबा बोटीवर, इंजिनखोलीत;
येळ्ळूरच्या विहिरीपलीकडं
ज्यानं पाणी पाहिलं नव्हतं तो.
"काय बघुलालास रे सारखं फोनात?"
"हवामान," मी म्हणालो.
तसं ते अगदीच खोटं नव्हतं.

एका दुपारी भरमूनं पोराचा आवाज ऐकवला.
आवाज कमी, धडधड जास्त.
"आबा, काल रात्री दिवे मालवून गेलो आम्ही.
स्वैपाक्यानंसुद्धा काडी ओढली नाही."
भरमू हसला. "आपल्या ब्लोअरसारखाच आवाज की."
पुन्हा लावला. पुन्हा हसला.
तिसऱ्यांदा लावला तेव्हा हसला नाही.

मी कंपनीचं नाव विचारलं नाही.
पोर लागलं तेव्हा कुंदा वाटत
त्यानंच सांगितलं होतं ते,
तोंडात नीट बसेपर्यंत दोनदा.
महांतेशसमोर ऐनवेळी
मला तेवढंच एक नाव आठवलं होतं.

निम्मे शेअर मी विकले.
निम्मे ठेवले.
हा धर्म नाही, धड व्यापारही नाही.
याला काय म्हणतात, महांतेशला विचारलं,
तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला,
"पार्शल बुकिंग."

परवा पेट्या भरताना भरमू येऊन उभा राहिला.
मनगटापर्यंत काळी वाळू.
माझ्या खिळ्यांच्या डब्यातला एक खिळा उचलून
त्यानं सरळ आहे का बघितला, परत ठेवला.
"पुढच्या फेरीला ते आफ्रिकेकडनं जाणार म्हणे.
लांब पडतं. पण बरं की रे ते?"

"लांबच बरं," मी म्हणालो.

या एका वाक्यापुरते
आम्ही दोघं एकाच बाजूला होतो.
म्हणून मी ते पुन्हा म्हणालो.